कुलाब्याची गाडी परत येण्यास पंचाण्णव वर्षे का लागली?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे लोकार्पण झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड अशी सलग गाडी धावू लागली. ३३.५ किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानके, त्यांपैकी २६ जमिनीखाली आणि एकूण खर्च ३७ हजार कोटी रुपयांहून अधिक! या आकड्यांचे कौतुक व्हावयास हवे होते आणि ते झालेही. मात्र त्या कौतुकाच्या भरात एक समज अनेकांच्या मनात घर करून बसला. तो असा की, मुंबईच्या दक्षिण टोकाला, म्हणजे कुलाब्याला, रेल्वे प्रथमच पोहोचली. हा समज चुकीचा आहे. कुलाब्याला गाडी नव्याने आलेली नाही, ती परत आली आहे. आणि परत येण्यास तिला थोडीथोडकी नव्हे, तब्बल पंचाण्णव वर्षे लागली आहेत. ती गेली का आणि परतण्यास एवढा विलंब का झाला, हे तपासून पाहणे आज अगत्याचे आहे. कारण ज्या चुकीमुळे ती गेली, ती चूक करण्याचा मोह आजही संपलेला नाही.

बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या जुन्या कंपनीचा मार्ग, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, चर्चगेटला संपत नव्हता. तो समुद्राच्या कडेकडेने पुढे कुलाब्यापर्यंत जात होता. १८७३ च्या सुमारास कुलाब्याचे स्थानक सुरू झाले आणि १८९६ मध्ये तेथे नवी भव्य वास्तू उभी राहिली. त्या काळी मुंबईचा कापसाचा बाजार कुलाब्यालाच भरत असे. गुजरातेतून येणाऱ्या कापसाच्या गाठी रेल्वेच्या वाघिणींतून थेट बाजाराच्या दारात उतरत. पुढे हा बाजार शिवडीकडे हलला आणि जाताना आपले नावही घेऊन गेला. हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ स्थानकाच्या नावाचे कोडे पडणाऱ्यांनी मूळ कॉटन ग्रीन दक्षिण मुंबईतील होते हे ध्यानात घ्यावे. स्थानकांची नावे हा या शहराचा न लिहिलेला इतिहास आहे, त्याकडे पुन्हा येऊच.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. त्यानंतर तीन वर्षांनी, ५ जानेवारी १९२८ रोजी, पश्चिमेकडील मार्गावरही विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्या कुलाबा ते बोरिवली अशा. त्या काळातील आशियात हे मोठेच पाऊल होते. कोळशाच्या धुराऐवजी १५०० व्होल्टच्या तारांखालून धावणारी गाडी बोरिवलीच्या माणसाला कुलाब्याच्या टोकापर्यंत आणून सोडू लागली. पण कुलाब्याच्या नशिबी हे भाग्य तीन वर्षांचेही नव्हते. १९३० चा डिसेंबर सरत असताना लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी नव्याने बांधलेले मुंबई सेंट्रल स्थानक सुरू झाले आणि वर्ष संपता संपता चर्चगेट ते कुलाबा हा तुकडा कायमचा बंद करण्यात आला. नव्या कोऱ्या तारा उतरविण्यात आल्या, रूळ उखडण्यात आले. कुलाबा स्थानकाच्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची ‘बधवार पार्क’ ही वसाहत उभी आहे. एका अर्थी रेल्वेची जागा रेल्वेकडे राहिली, पण तेथून गाडी मात्र गेली.

हा मार्ग तोट्यात होता म्हणून बंद पडला काय? तो जीर्ण झाला होता काय? तीन वर्षांपूर्वीच ज्यावर विजेचे काम झाले, त्याला जीर्ण म्हणता येणार नाही. खरे कारण जमीन हे होते. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी ‘बॅकबे रेक्लमेशन’ची प्रचंड योजना हाती घेतली. पश्चिमेकडील उपसागर बुजवून १,१४५ एकर नवी भूमी निर्माण करायची, ती चढ्या भावाने विकायची आणि त्यातून सरकारी तिजोरी भरायची असा तो बेत होता. त्यासाठी १९२० मध्ये स्वतंत्र विकास खाते स्थापन झाले. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील ‘बी. डी. डी.’ चाळी याच खात्याच्या. या योजनेत रेल्वेची समुद्रकाठची पट्टी आडवी येत होती. ज्या किनाऱ्यावरून गाडी जात होती, तो किनाराच आत ढकलला जाणार होता आणि शहर व नवी भूमी यांच्यामध्ये रुळांची रेषा ठेवणे जमिनीच्या व्यापाऱ्यांना परवडणारे नव्हते. गाडीला पर्यायी वाट देता आली असती. पूल, खंदक, भुयार या गोष्टी तेव्हाच्या अभियंत्यांना अज्ञात नव्हत्या. लंडनमध्ये भुयारी रेल्वे १८६३ पासून चालू होती. परंतु तशी इच्छाच नव्हती.

पुढे या योजनेचे जे धिंडवडे निघाले ते सर्वश्रुत आहेत. खर्च फुगला, ड्रेजरच्या कामाचे अंदाज कोलमडले, भराव वाहून जाऊ लागला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने विधिमंडळात आणि बाहेर या गैरकारभाराचे वाभाडे काढले. हार्वे नावाच्या गोऱ्या अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले आणि सरकारची अब्रू मात्र गेली. १९२६ मध्ये चौकशी समिती बसली आणि योजनेच्या आठ खंडांपैकी चारच पूर्ण करून उरलेले सोडून देण्यात आले. जी भूमी हाती लागली तिचा मोठा भाग लष्कराकडे गेला. म्हणजे ज्या स्वप्नासाठी रेल्वेचा बळी दिला, ते स्वप्नही अर्धेच उतरले. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला याच भरावावर उभ्या राहिलेल्या सुबक इमारतींच्या रांगेला २०१८ मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारसा म्हटले. तो मान योग्यच आहे. पण त्या वारशाची किंमत कोणी मोजली, याची नोंद कोणत्याही फलकावर नाही.

ती मोजली बोरिवली, अंधेरी, दादरच्या सामान्य चाकरमान्याने. १९३१ पासून त्याची गाडी चर्चगेटच्या बफरवर येऊन थांबली. स्वातंत्र्यानंतर उपसागराचा सोडून दिलेला भाग भरण्याचे काम पुन्हा हाती घेण्यात आले आणि त्यावर गगनचुंबी कचेऱ्यांचे जंगल उभे राहिले. त्याला नाव देण्यात आले नरिमन पॉइंट! भराव घोटाळ्याविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव भरावाच्याच जमिनीला मिळावे, यासारखा दैवदुर्विलास विरळा. विधान भवन आले, मंत्रालय होतेच, बँकांची मुख्यालये आली, कफ परेडचे मनोरे आले. लाखो माणसे रोज सकाळी चर्चगेटला उतरून बसच्या रांगेत उभी राहू लागली, शेअर टॅक्सीत कोंबली जाऊ लागली किंवा मुकाट्याने चालू लागली. ज्या दिशेला ती चालत होती, त्या दिशेला एके काळी विजेची गाडी जात होती हे त्यांच्या गावीही नव्हते. दोन पिढ्यांनी या पायपिटीत निवृत्तिवेतनापर्यंतची वाट संपविली.

परकीय राजवटीला मुंबई ही एक मिळकत होती. तिच्या हिशेबाच्या वहीत जमिनीचा भाव चढत होता आणि प्रवाशाच्या पायांना भाव नव्हता. तेव्हा तिने केले ते तिच्या स्वभावाला धरूनच केले, असे म्हणता येईल. पण स्वतंत्र भारतात, स्वकीयांच्या राज्यात, तीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडावी याला काय म्हणावे? ही दुसरी गोष्ट म्हणजे ट्राम.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम निघाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते काळबादेवीमार्गे पायधुणी असे दोन मार्ग होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. गिरगाव, काळबादेवी, लालबाग, परळ अशा मुंबईच्या मराठी, गुजराती, कोकणी वस्त्यांना तिने एका सूत्रात ओवले. गिरणीतील कामगार, पेढीवरील कारकून, मराठी शाळेतील मास्तर आणि गणपतीच्या बाजाराला निघालेले कुटुंब एका आण्याच्या तिकिटात एका बाकावर बसत. ट्रामला प्रारंभी कंपनीच्या केंद्रांतून आणि पुढे टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांतून वीज मिळे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे सह्याद्रीचा पाऊस साठवून ती निर्माण होत असे. सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर मुंबईच्या रस्त्यावरील गाडी चालावी, याहून अधिक स्वदेशी वाहतूक कोणती? त्यासाठी परदेशातून तेलाचा एक थेंबही आणावा लागत नव्हता.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्य आठवड्यावर आले असताना, ट्राम आणि वीजपुरवठा यांचा कारभार महापालिकेकडे आला आणि ‘बेस्ट’ ही लोकांची संस्था झाली. १९५३ पासून याच लोकसंस्थेने ट्रामचे एकेक मार्ग बंद करण्यास प्रारंभ केला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली ट्राम ही अखेरची ठरली. ती पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे जमली होती. जुन्या मुंबईकरांच्या आठवणींत ती रात्र आजही येते. दादरला जेथे ती थांबली, त्या चौकाला लोक अद्यापही ‘दादर टी. टी.’ म्हणतात, हे ‘ट्राम टर्मिनस’चे लघुरूप असल्याचे नव्या पिढीला सांगावे लागते.

ट्रामच्या बाजूने आंधळेपणाने बोलण्याचे कारण नाही. ती संथ होती. रस्त्याच्या मधोमध चालत असल्याने प्रवाशाला वाहनांच्या गर्दीतून वाट काढून चढावे-उतरावे लागे. डबे जुने झाले होते, रूळ झिजले होते आणि उत्पन्नाचा मेळ बसत नव्हता. त्या काळी जगातील अनेक मोठी शहरे ट्राम काढून टाकीत होती. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. तिच्या जागी काय आणले? बस आणली, हे उत्तर अपुरे आहे. कारण बस त्याच तुंबलेल्या रस्त्यावर, मोटारींच्याच रांगेत उभी राहणार होती. ट्रामची स्वतःची वाट होती. रस्त्याच्या मध्यावरील ती दोन रुळांची पट्टी ही समाजाची मालमत्ता होती, तिच्यावर सामान्य प्रवाशाचा पहिला हक्क होता. रूळ उखडले आणि डांबर टाकले, त्या दिवशी तो हक्क मोटारीच्या मालकाला विनामूल्य बहाल झाला. हा व्यवहार कोणत्याही सभागृहात त्या शब्दांत मांडला गेला नाही, पण झाला मात्र हाच.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १९६२-६३ मध्ये, विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा आराखडा तयार केला. त्यात भर होता तो रुंद, वेगवान मोटाररस्त्यांवर. ज्या देशात पेट्रोल मुबलक, जमीन अमाप आणि घरटी मोटार, त्या देशाची दृष्टी घेऊन अरुंद बेटावरील शहराला उपाय सुचविण्यात आला. आपल्याकडील नियोजनकारांनी तो आदराने शिरोधार्य मानला. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचे भाव भडकविले तेव्हा ट्राम जाऊन जेमतेम नऊ वर्षे झाली होती. १९६२ मध्ये विजेवर चालणाऱ्या ट्रॉली बसचा एक प्रयोगही झाला, पण तो १९७१ मध्ये आटोपता घेण्यात आला. रस्त्यावरील वीज गेली ती गेलीच. आता २०२३ मध्ये विजेची दुमजली बस आली तेव्हा ती आधुनिकतेची परिसीमा म्हणून मिरविण्यात आली. ज्या शहराने १९०७ मध्ये रस्त्यावर विजेची गाडी आणि १९२० मध्ये दुमजली विजेची गाडी चालविली, त्याला हे नवे वाटावे, ही विस्मृती चिंताजनक आहे.

येथे एक गोष्ट स्वपक्षीयांनाही ऐकवावी लागेल. १९९५ ते १९९९ या युतीच्या कारकिर्दीत मुंबईत ५५ उड्डाणपुलांची योजना धडाडीने राबविली गेली. नितीन गडकरी यांच्या कार्यक्षमतेची ती पावतीच होती. सरकारी काम वेळेत आणि अंदाजापेक्षा कमी खर्चात होऊ शकते हे प्रथमच दिसले. तरीही क्रम चुकला, हे आज मान्य करावयास हरकत नसावी. आधी मेट्रो आणि मग उड्डाणपूल असे झाले असते, तर मोटारींचा जो महापूर त्या पुलांनी ओढून आणला, तो काही अंशी तरी आवरता आला असता. त्याच काळात दिल्लीत मेट्रोचे काम सुरू झाले आणि २४ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी पहिल्या गाडीला निशाण दाखविले. कोलकात्यात तर भुयारी गाडी १९८४ मध्येच धावू लागली होती. मुंबई मात्र अहवाल वाचीत बसली. १४६ किलोमीटरचा मेट्रो आराखडा २००४ मध्ये झाला, पहिल्या मार्गाची कोनशिला २००६ मध्ये बसली आणि वर्सोवा ते घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो धावली ती ८ जून २०१४ रोजी. आठ वर्षांत साडेअकरा किलोमीटर! शतकापूर्वी, वाफेच्या आणि बैलगाडीच्या युगात, यापेक्षा अधिक वेगाने रूळ पडत होते.

भुयारी मेट्रोच्या कहाणीत आरेच्या कारशेडचा अध्याय टाळता येत नाही. झाडांची चिंता करणारे सर्वच ढोंगी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृक्षपूजा ही याच भूमीची परंपरा आहे. परंतु २०१९ च्या अखेरीस सत्तांतर झाल्याबरोबर काम थांबविणे, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलविण्याची घोषणा करणे, ती जागा न्यायालयीन वादात अडकणे आणि अखेर २०२२ मध्ये पुन्हा आरेलाच परत येणे, या येरझारांत पर्यावरणाचे कोणते हित साधले? प्रकल्पाचा खर्च २३ हजार कोटींच्या मूळ अंदाजावरून ३७ हजार कोटींवर गेला. विलंब हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण मोठे कारण होते. गाडी न धावलेल्या प्रत्येक दिवशी जो धूर रस्त्यावर सोडला गेला, त्याचा हिशेब कोणत्या झाडाच्या नावावर मांडायचा?

या गाडीत अभिमान बाळगण्यासारखे पुष्कळ आहे. शहराखाली एकाच वेळी १७ अजस्र यंत्रे बोगदे खणीत होती. मिठी नदीच्या तळाखालून आणि गिरगावातील शंभर वर्षांच्या जुन्या चाळींच्या पायाखालून बोगदा गेला. खणणारी यंत्रे बाहेरून आणावी लागली आणि कर्ज जपानचे आहे, हे खरे. पण डबे आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे तयार झाले आणि भूगर्भात राबलेले हात याच देशातील होते. उपनगरांतील मेट्रोच्या २अ आणि ७ या मार्गांवर तर बंगळुरूच्या ‘भारत अर्थ मूव्हर्स’ने बांधलेल्या गाड्या धावतात. १९२८ मध्ये ज्या विजेच्या गाड्या कुलाब्याला आल्या, त्या तंत्रज्ञानासह विलायतेवर अवलंबून होत्या. हे अंतर आपण तोडले, ही साधी गोष्ट नव्हे.

आणि स्थानकांची नावे! जमिनीवर चर्चगेट, ग्रँट रोड अशी साहेबाची नावे अद्याप शिल्लक आहेत आणि काही नव्या स्थानकांनीही ती उचलली. पण त्याच मार्गावर हुतात्मा चौक आहे, आचार्य अत्रे चौक आहे, सिद्धिविनायक आहे, शीतलादेवी आहे. मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला देशातील पहिली प्रवासी गाडी निघाली तिच्या मागे ज्या एतद्देशीयांची दूरदृष्टी होती, त्यांत नाना अग्रणी होते. हुतात्मा चौकातील कारंज्याची डागडुजी काही वर्षांपूर्वी चालू असताना रस्त्याखाली जुन्या ट्रामचे रूळ आढळले होते. आज त्याच चौकाखाली मेट्रोचे रूळ आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी जेथे रक्त सांडले तेथे वर स्मारक, खाली ट्रामचा गाडलेला रूळ आणि त्याहून खाली मेट्रो असे मुंबईचे तीन थर एकाखाली एक आहेत.

हे सर्व मांडल्यावर आता जे अनुत्तरित आहे त्याकडे वळले पाहिजे. पहिला प्रश्न गिरगाव-काळबादेवीचा. या दोन स्थानकांसाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गावरील जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि त्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांचे रहिवासी घराबाहेर पडले. त्यांना त्याच परिसरात हक्काचे घर देण्याचे वचन शासनाने दिले. हा परिसर कोणता, याचे भान हवे. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, तो हा परिसर. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेने नववर्षाचे स्वागत रस्त्यावर होते, तेही याच गिरगावात. मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे जे काही मोजके मोहल्ले शिल्लक आहेत, त्यांत हा शेवटचा.  या कुटुंबांनी घर दिले. ते भाड्याच्या खोल्यांतून परत आपल्या गल्लीत आले, तरच ही गाडी त्यांची झाली असे म्हणता येईल. अन्यथा स्थानकाच्या पाटीवर ‘गिरगाव’ राहील आणि गिरगावकर बदलापूर, विरारला. स्थानकावरील नव्या इमारतींत सदनिकांचा भाव काय निघतो यापेक्षा जुन्या भाडेकरूंपैकी किती परत आले, हा आकडा शासनाने दरवर्षी जाहीर करावा.

दुसरा प्रश्न ‘बेस्ट’चा आणि तो अधिक गंभीर आहे. मेट्रो येते आहे म्हणून बस आक्रसत चालली आहे. एके काळी चार हजारांहून अधिक बसगाड्या बाळगणाऱ्या या संस्थेकडे २०२५ मध्ये स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली आल्या, उरलेल्या कंत्राटदारांच्या. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मेट्रोचे भाडे दहा ते सत्तर रुपये आहे. वातानुकूलित, वक्तशीर गाडीसाठी ते अवाजवी नाही. पण कफ परेडच्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणारी बाई आणि मंत्रालयातील शिपाई रोज दुहेरी प्रवासाला एवढे पैसे मोजणार नाहीत, हे उघड आहे. त्यांना बस लागेल. मेट्रोतून उतरणाऱ्यालाही शेवटच्या एक-दोन किलोमीटरसाठी बसच लागते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी अंत्योदयाचा विचार मांडला. वाहतुकीत त्याचा अर्थ शेवटच्या थांब्यावर उभा असलेला माणूस असा घ्यावा लागतो.

तोट्यावर उपाय म्हणून ‘बेस्ट’च्या आगारांच्या मोक्याच्या जागा व्यापारी विकासासाठी देण्याचे मार्ग यापूर्वीही चोखाळले गेले आहेत आणि तसे प्रस्ताव पुनःपुन्हा डोके वर काढतात. येथेच १९३० चा तो जुना मोह नव्या वेषात समोर येतो. तेव्हा समुद्रकाठची जमीन होती, आता आगारांची आहे. तेव्हा तिजोरी भरण्याचे आश्वासन होते, आताही तेच आहे. आगार गेले की बस उभी करण्यास जागा नाही, जागा नाही म्हणून मार्ग नाही, मार्ग नाही म्हणून प्रवासी नाही आणि प्रवासी नाही म्हणून बसची गरजच नाही, ही साखळी अगदी सुलभ आहे. कोलकात्यात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तेथील तृणमूल सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा एक तुकडा वगळून ट्राम बंद करीत असल्याचे जाहीर केले. जिची विजेवरील सेवा १९०२ पासून अखंड होती, ती देशातील शेवटची ट्रामसेवा. कारण तेच दिले गेले, जे मुंबईत १९६४ मध्ये दिले होते; रस्त्यावर गर्दी होते म्हणून. तेथेही आगारांच्या जमिनींवर कोणाचा डोळा आहे, हा प्रश्न कोलकात्याचे नागरिक विचारीत होते.

मुंबई महापालिकेने आणि राज्य शासनाने या बाबतीत काही बंधने स्वतःवर घालून घेण्यास हवीत. आगाराची जमीन विकसित करावयाची झाल्यास तळमजल्यावरील बसचे क्षेत्रफळ एक चौरस फुटानेही कमी होता कामा नये. मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाच्या दारापासून ठरावीक अंतराने सुटणारी बस ही शोभेची नव्हे, मेट्रोच्या कराराचाच भाग मानली जावी. आणि जुनी सेवा बंद करण्यापूर्वी नवी किमान वर्षभर चालवून दाखवावी. १९३० मध्ये हा नियम असता तर चर्चगेटच्या पुढे गाडी जात राहिली असती.

कुलाबा कॉजवेवर ‘बेस्ट’च्या मुख्यालयाजवळ एक बस स्थानक आहे. त्याचे नाव ‘इलेक्ट्रिक हाऊस’. ट्रामच्या जमान्यातील हे नाव कंडक्टरच्या तोंडी अजून आहे. कफ परेडच्या मेट्रोतून बाहेर पडून ससून डॉकच्या कोळी वस्तीकडे किंवा नेव्हीनगरकडे जाणारा प्रवासी आजही तेथील बसच्याच भरवशावर आहे. ती बस किती मिनिटांनी येते, हे मेट्रोच्या अधिकाऱ्यांनी आणि महापालिकेच्या नव्या कारभाऱ्यांनी एकदा गर्दीच्या वेळी स्वतः रांगेत उभे राहून मोजावे.